धुक्यातली चाकोरी

गावच्या सरपंच शालनताई माझ्या जीपमध्ये येऊन बसतील, असं कुणालाच वाटलं नव्हतं.

पुढे श्रीरंगची गाडी उभी होती, ऐसपैस, नव्या सीटांची. गावातली दोन वयस्कर माणसं तिच्यात मागे टेकली होती आणि सरपंचबाईंसाठी पुढची जागा पुसूनबिसून ठेवली होती. बाईंनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. सरळ माझ्या खटाऱ्यात चढल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, पुढची गाडी झ्याकच चालणार, मला शेवटची कशी येते ते बघायचंय.

आता मी कोण, ते सांगतो. अच्युत केंजळे. साताऱ्यात माझं चष्म्याचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. आणि मी मुळात भित्रा माणूस आहे. घरात झुरळ निघालं तर चप्पल बायको उचलते, मी खुर्चीवर चढतो. असा माणूस डोंगरात जीप घालणाऱ्यांच्या मंडळात काय करत होता, असं बायकोही विचारायची. उत्तर एकच, श्रीरंग दिवेकर. शाळेपासूनचा दोस्त, मंडळाचा अध्यक्ष, आणि त्याला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. माझा स्वभाव ओळखून त्यानं मला कायमची शेवटची गाडी देऊन टाकली होती. शेवटच्या गाडीनं शर्यत लावायची नसते. वाटेतली कवाडं लावून घ्यायची, कुणी कचरा टाकला तर उचलायचा, चाकानं बांधाचा दगड पाडला असेल तर परत रचायचा. हे काम मला मानवायचं.

ही गोष्ट केळघळच्या सड्यावरची. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळाचं रान. गावाच्या गायरानातून एक जुनी गाडीवाट त्या सड्यावर जायची, आणि आमच्या मंडळाचा सगळा जीव त्या वाटेत अडकला होता. आसपासची बाकी पठारं एकेक करून गाड्यांना बंद झाली होती. कारण उघड होतं. रविवार आला की कुठून कुठून पोरं यायची, गवतात गाड्या गरागरा फिरवायची, चिखल उडवायची, बाटल्या फोडून जायची. केळघळमध्येही तेच सुरू झालं होतं आणि गाव वैतागलं होतं. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. वाट बंद करायची की ठेवायची, एवढाच विषय. त्याआधी आम्ही गावाला विनंती केली होती की एकदा आमच्याबरोबर या, आम्ही कसे जातो ते बघा आणि मग काय ते ठरवा. गणपती होऊन गेले होते, पाऊस ओसरला होता.

निघताना श्रीरंगनं मला बाजूला घेतलं आणि बजावलं की वाटेल ते बोल, फक्त बाईंच्या वडलांचं काही काढू नकोस. मला माहीत होतं. साऱ्या तालुक्याला माहीत होतं. महिपती शेलार, जन्मभर त्या सड्यावर म्हसरं चारलेला माणूस, आदल्या वर्षी याच दिवसांत कड्यावरून खाली गेला होता. बाजारचा दिवस होता. प्यालेला असणार, असं गाव म्हणालं आणि विषय मिटला. शालनताईंचं माहेर आणि सासर त्याच गावात, त्यामुळे हे त्यांना रोज ऐकावं लागत असणार.

मी भ्यायलो की फार बोलतो. चढ सुरू झाल्यापासून माझं तोंड चालू होतं. बघा ताई, आम्ही चाकोरी सोडत नाही. बघा ताई, इथं पाणी साचलंय तरी आम्ही बाजूनं गवतात शिरत नाही, पाण्यातूनच जातो, नाहीतर वाट रुंद होत जाते. त्या नुसत्या हं म्हणत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "भाऊ, तुम्हाला परीक्षेला बसवलंय का?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

सड्याच्या तोंडाशी बांबूचं कवाड होतं. श्रीरंग पुढे निघून गेला, मी उतरून कवाड लावायला लागलो, तर एक म्हैस आमच्या मागून बाहेर सटकलेली. ताई म्हणाल्या, तिला आत घातल्याशिवाय जायचं नाही, खाली भात उभं आहे. बरोबरच होतं. पण म्हशीला ते पटायला हवं ना. ती झुडपात शिरली, मी तिच्यामागे, ताई पलीकडून. माझे बूट, पँट, सगळं चिखलात न्हालं. शेवटी ताईंनीच कसलासा आवाज काढून तिला वळवलं. कवाडाची दोरी बांधून मी मागे वळलो तर सडा नव्हता.

धुकं आलं होतं. खरं तर आलं म्हणायला ते कुठून येताना दिसायला हवं. इथं मी दोरीची गाठ मारत होतो तोवर जग संपलं होतं. जीप पंधरा पावलांवर होती, तीही मला हात पुढे करून शोधावी लागली.

मी म्हटलं, थांबू या, निवळेल. ताई म्हणाल्या, या दिवसातलं धुकं कधी घटकाभरात जातं, कधी दिवसभर बसून राहतं. वॉकीटॉकीवर श्रीरंगला हाक मारली. तो पार पलीकडच्या टोकाला पोचला होता. खरखरीतून त्याचा आवाज आला, "अरे, चाकोरी स्पष्ट आहे. ती धर आणि हळूहळू ये. म्हातारी माणसं गारठलीत इथं." मग सेट मुका झाला.

त्याला नाही म्हणता येत नाही, हे मी सांगितलंच आहे. मी गाडी पहिल्यात घातली.

दिवे लावले तर समोर पांढरी भिंत उभी राहायची, म्हणून ते बंद केले. काच खाली करून डोकं बाहेर काढलं आणि चाकाखाली बघत चाललो. माणसाच्या चालीनं. गवत, कातळ, गवत आणि त्यात दोन काळ्या रेघा. चाकोरी खरंच स्पष्ट होती. माझ्या नाकावरून पाणी ठिबकत होतं आणि चष्म्याचा धंदा करणाऱ्या मला माझ्याच चष्म्यातून काही दिसत नव्हतं. मी तो काढून खिशात टाकला.

थोड्या वेळानं चाकोरी फुटली. एक उजवीकडे गेली होती, कातळावरून, जरा उथळ, मध्ये गवत वर आलेलं. दुसरी डावीकडे, चांगली खोल, चिखल ताजा, टायरची नक्षी उमटलेली. आता आम्हा जीपवाल्यांचं डोकं कसं चालतं, ते ऐका. जी चाकोरी खोल तिच्यावरून गाड्या जास्त गेलेल्या. ज्या वाटेनं गाड्या जास्त जातात, तीच वाट. शिवाय नक्षी ताजी, म्हणजे श्रीरंग आत्ताच गेलाय. मी ताईंना हे समजावूनही सांगितलं. त्यांनी बाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, काहीच ओळखीचं दिसंना झालंय, तुम्हीच बघा. मी डावीकडे वळलो.

वळल्यावर माझं बोलणं बंद झालं. का ते सांगता येत नाही. इंजिनाचा आवाज बदलल्यासारखा वाटला. आतापर्यंत तो आसपासच्या झुडपांना धडकून परत येत होता, आता तो जात होता आणि परत येत नव्हता.  तरी पाय चाकोरी सोडेना, कारण ती किती छान, स्पष्ट चालली होती.

"भाऊ, थांबा," ताई म्हणाल्या. "वारा खालनं येतोय."

मी ब्रेक दाबला. चाकं थांबली, पण गाडी थांबली नाही. शेवाळलेल्या कातळावरून ती सावकाश, अगदी निवांत पुढे घसरली. पुढचं डावं चाक खाली उतरलं. कातळावर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि सगळं स्तब्ध झालं.

मी काचेतून बघितलं. बोनेटच्या पुढे काही नव्हतं. गवत नव्हतं, दगड नव्हता, नुसतं पांढरं होतं आणि ते पांढरं खालून वर चढत होतं.

त्या क्षणी मला काय वाटलं, ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. ओरडावंसं वाटलं नाही. रडावंसंही नाही. माझा उजवा पाय ब्रेकवर होता आणि तो पाय माझा राहिला नव्हता, लाकडाचा झाला होता. दुकानाच्या किल्ल्या बायकोला कुठे ठेवल्यात ते सांगितलं नाही, असलं काहीतरी डोक्यात येत होतं. हातब्रेक ओढला. तो जुना, अर्ध्यावरच धरायचा. गाडी पुन्हा एक बोटभर सरकली.

"ताई, हलू नका."

"हलल्याबिगर कसं व्हायचं?"  मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. "मागनं उतरते. तुम्ही पाय काढू नका."

त्या सीटवरून मागे गेल्या. गुडघ्यावर, एकेक हात टाकत. त्यांचं वजन मागे गेलं तसं पुढचं नाक किंचित वर आलं, आणि त्या उतरल्या की ते परत खाली जाणार, हे आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. मागच्या फाळक्यापाशी त्या थबकल्या. मला आरशात त्यांचा नुसता पदर दिसत होता. मी देवाचं नाव घेत होतो की त्यांचं, मला आठवत नाही.

त्या उतरल्या. गाडी करकरली, पुढे झुकली आणि राहिली. मग दगड ओढल्याचा आवाज. मागच्या चाकांपुढे त्यांनी दगडांच्या उट्या लावल्या, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. "लावल्या," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही पन या."

मी उतरायला हवं होतं. पण पाय ब्रेकवरून निघेना. म्हणून मी दुसरंच केलं, रिव्हर्स टाकला. चारही चाकांना जोर दिला, क्लच सोडला. मागची चाकं जागच्या जागी फिरली, पुढचं चाक कड्याच्या ओठावर धडपडलं आणि एका क्षणाला मला खालचं काहीतरी दिसलं, झाडांचे शेंडे असावेत, फार फार खाली. मग टायरनं कातळ धरला. गाडी हिसका देऊन मागे आली, आणखी मागे आली, आणि मी ती पार गवतात नेऊन बंद केली.

खाली उतरलो आणि तिथंच चिखलात बसलो.  

शालनताई मात्र पुढे गेल्या होत्या. कड्यापासून चार हातांवर उभ्या राहून त्या जमिनीकडे बघत होत्या. चाकोरी सरळ कड्यापर्यंत गेली होती आणि तिथं तिचा पसारा झाला होता. गाड्या वळवल्याच्या, मागे घेतल्याच्या, परत लावल्याच्या खुणा. एकदोन नाही, दीड-दोन वर्षांच्या.

"इथं गाड्या कशाला येत्यात?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात वाऱ्यानं धुकं जरासं फाटलं आणि कड्याच्या टोकावरचा शिंगासारखा सुळका दिसला. मला उत्तर द्यावंच लागलं नाही. तो सुळका आणि त्याच्याशेजारी खाली ढग सोडून उभी असलेली श्रीरंगची जीप, हा आमच्या मंडळाच्या कॅलेंडरवरचा फोटो होता. दोन हिवाळ्यांपूर्वी काढलेला. कॅलेंडर साऱ्या जिल्ह्यात वाटलं होतं. केळघळच्या ग्रामपंचायतीतही शालनताईंच्या खुर्चीमागे तेच टांगलेलं होतं. तसा फोटो आपलाही हवा म्हणून मग कुठून कुठून गाड्या येत राहिल्या आणि वाट नव्हती तिथं वाट पडली.

ताईंनी सुळक्याकडे बघितलं.

"आबा याच्याच खाली सापडले," त्या म्हणाल्या. "सगळी म्हणाली, प्याले म्हणून गेले. त्यांनी दिवाळीपासनं सोडली होती. सोडली हे आईला पन पटलं न्हाई." मग चाकोरीकडे बोट केलं. "आमच्या सड्यावर वाट एकच होती, भाऊ. लहानपणी आबा सांगायचे, धुकं आलं तर डोळं मिटून वाट धर, पाय घरी नेतील. एकच होती ना. चुकायला दुसरी नव्हतीच."

मी चिखलात बसून राहिलो. हातभर खोल चाकोरी माझ्या पुढ्यातून कड्याकडे गेलेली. डोळस माणूस, बाजारातून परतून म्हसरं आणायला सड्यावर आलेला, पायाखाली वाट लागली म्हणून निर्धास्त. मी ज्या भरवशावर आलो होतो, त्याच भरवशावर.

"पहिल्यांदा कुणाची गाडी आली इथं?" त्यांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं. तरी विचारलं.

खोटं बोलायची माझी तयारी होती, हे कबूल करायला हरकत नाही. वाट जाणार, मंडळ मोडणार, श्रीरंग आयुष्यभर तोंड बघणार नाही, हे सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण नुकतं कड्यावरून परत आलेलं माणूस फार वेळ हिशेब करू शकत नाही.

"आमची," मी म्हटलं. "श्रीरंगची."

 परतताना त्या जीपच्या पुढे पायी चालल्या आणि मी त्यांच्या हिरव्या पातळामागे गाडी नेली. फाट्यावर पोचल्यावर त्यांनी डाव्या चाकोरीच्या तोंडाशी दोन दगड आडवे टाकले.

दुसऱ्या दिवशी मी ग्रामसभेला गेलो. त्याआधी, आदल्या संध्याकाळीच, ताईंनी आणि मी श्रीरंगला सारं सांगितलं होतं. ऐकता ऐकता तो एकदम खाली बसला. रात्रभर झोपला नसावा. सभेत तो आपणहून उठला आणि पहिली चाकोरी माझी, एवढं म्हणून हात जोडून उभा राहिला. लोक खवळले. दोघंतिघं अंगावर धावून आले. वाट बंद, कायमची बंद, असा गलका झाला. शालनताईंनी तो होऊ दिला, आणि मग सगळे दमल्यावर म्हणाल्या, "बंद करून ही मंडळवाली मोकळी व्हणार. रविवारची पोरं यायची थांबतील का? आणि खोट्या वाटा बुजवणार कोण, तुम्ही का मी?"

ठराव झाला तो असा. सड्यावर वाट एकच, जुनी. पावसात आणि धुक्याच्या दिवसांत तीही बंद. बाकी प्रत्येक चाकोरी मंडळानं हातानं बुजवायची, यंत्र न लावता, आणि ती पुरी बुजेपर्यंत सड्यावर एकही जीप चढवायची नाही. तो सबंध हिवाळा आणि उन्हाळा आम्ही घमेली घेऊन पायी वर जात होतो. श्रीरंगनं कड्याकडची चाकोरी दुसऱ्या कुणाला शिवू दिली नाही. वाट आजही उघडी आहे.

पण मला सांगायचं आहे ते सभेनंतरचं. लोक पांगल्यावर शालनताई माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "आईकडं चला. तिला मी सांगून पटायचं न्हाई. तुम्ही त्या वाटेनं गेलाय, तुम्ही सांगा."

तानूबाई ओसरीवर घेवडा सोलत बसल्या होत्या. बारकीशी बाई. घरात भिंतीवर देवांचे फोटो होते, आबांचा नव्हता. मला चहा दिला. मी सगळं सांगितलं, चाकोरी कशी फुटली, डावी खोल कशी होती, मी कसा तिच्यावर विसंबून गेलो, आणि शालनताई नसत्या तर मी आज इथं नसतो. मी मुद्दाम दोनदा म्हटलं, मावशी, शुद्धीतला माणूसच ती वाट धरेल, प्यालेला नाही धरणार.

त्या ऐकत होत्या. शेंगा सोलणारा हात कधीचा थांबला होता.

"पोरी," त्या शालनताईंना म्हणाल्या, "त्येंचा फोटू काढ ट्रंकेतला."

शालनताईंनी काढून आणला. तानूबाईंनी पदरानं काच पुसली, परत पुसली, आणि फोटो मांडीवर उताणा ठेवला. मला वाटलं, झालं, एक चांगलं काम झालं आपल्या हातून. मी कप खाली ठेवून उठायच्या बेतात होतो.

"वरीसभर शिव्या घातल्या म्या ह्यास्नी," त्या म्हणाल्या. "पर येक बरं वाटायचं. वाटायचं, नशेत हुतं, कळलं नसंल काय." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमाला भ्या वाटलं का वो, तितं?"

साऱ्या जन्मात मला इतक्या वेळा भीती वाटली आहे आणि ती मी इतक्या वेळा हसण्यावारी नेली आहे. त्या दिवशी नेता आली नाही.

"वाटलं मावशी," मी म्हटलं. "फार वाटलं."

त्यांनी मान हलवली. हात फोटोच्या काचेवर होता.

"मग ह्यास्नीबी वाटलं असंल," त्या म्हणाल्या, आणि खाली सांडलेल्या शेंगा गोळा करायला लागल्या.